अनोळखी आणि असंस्कृत

इंग्रजी वाचणाऱ्यांस ‘अनकूथ’ हा शब्द परिचित असतो. रांगड्या, ओबडधोबड, शिष्टाचारशून्य माणसास तो लावतात. त्यातील नकारार्थी ‘अन’ काढल्यावर उरणारा ‘कूथ’ मात्र क्वचितच भेटतो. सुसंस्कृत, सभ्य असा त्याचा आजचा अर्थ. तोही बहुधा विनोदानेच वापरतात.

या जोडीचा पूर्वेतिहास मोठा उद्बोधक आहे. प्राचीन इंग्रजीत ‘कूथ’ म्हणजे ज्ञात, ओळखीचा, आणि ‘अनकूथ’ म्हणजे अज्ञात. त्यात कोणाची निंदा नव्हती. पण जे अनोळखी ते विचित्र, जे विचित्र ते बेडौल आणि जे बेडौल ते असंस्कृत, अशी त्या शब्दाची पायरीपायरीने घसरण झाली. मूळचा ‘कूथ’ प्रमाण इंग्रजीतून लोपला. स्कॉटलंडच्या बोलीत मात्र ‘कूथी’ या रूपाने, मायाळू, आपुलकीचा अशा अर्थी टिकून राहिला. पुढे १८९६ साली मॅक्स बीअरबोम या विनोदी निबंधकाराने ‘अनकूथ’चा ‘अन’ छाटून ‘कूथ’ला सभ्यतेच्या नव्या अर्थाने पुन्हा लेखनात आणले.

संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच उगमाच्या असाव्यात, असे सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यास प्रतिपादिले. इंग्रजीही त्याच कुळातली. त्यामुळे ‘कूथ’ ज्या धातूपासून निघाला तो आपल्या ‘ज्ञा’ धातूचा सगोत्र आहे, यात नवल नाही. ‘अनकूथ’ आणि ‘अज्ञात’ ही दूरची भावंडेच. आपले ‘जाण’ आणि ‘जाणता’ हे शब्दही त्याच घरचे.

पिढ्यान्‌पिढ्या परप्रांती राहिलेल्या आपणांस या शब्दाचे मर्म विशेष कळावे. इंदूरकराचे ‘येऊन राहिलो आहे’ किंवा बेळगावकराचा हेल पुण्यात कानी पडताच एखाद्याच्या ओठांवर स्मित उमटते आणि आपली मराठी अशुद्ध ठरते. वस्तुतः त्या कानांना ती केवळ अपरिचित असते. परंतु शेजारच्या गुजराती वा कानडी घरची रीतभात पाहून नाक मुरडताना आपणही तेच करीत असतो. परभाषिक घरची मुलगी सून होऊन येते, तेव्हा तर हे फारच जाणवते. तिच्या वाढण्याला, बोलण्याला ‘वळण नाही’ असे म्हणण्यापूर्वी, हे वळण आपल्या ओळखीचे नाही, एवढेच मनाशी म्हणून पाहावे. आणि मग ते तिला विचारून घ्यावे.