शेपटीतली शिदोरी

लेपर्ड गेको या पालवर्गीय प्राण्याचे आरोग्य त्याच्या शेपटीवरून कळते. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातल्या रुक्ष, खडकाळ मुलखात उन्हाळे लांबतात, किडे दुर्मीळ होतात; तेव्हा शेपटीत साठवलेली चरबी ही त्याची शिदोरी असते. निरोगी गेकोची शेपूट मुळाशी मानेइतकी तरी जाड दिसते. ती बारीक होऊ लागली, कडेला घड्या पडू लागल्या, की साठा संपत आल्याचे समजावे. अंग मात्र तोवर ठीकच भासते, कारण दुबळेपणा दाखवणारा प्राणी शिकाऱ्याच्या नजरेत आधी भरतो, आणि काचपेटीत जन्मलेल्या गेकोतही ती जुनी सावधगिरी टिकून आहे.

म्हणून डोळ्यांपेक्षा वजनकाट्यावर भरवसा ठेवणे बरे. प्रौढ गेको साधारण ५० ते ८० ग्रॅमचा असतो. दर आठवड्याला ठरलेल्या वेळी वजन करून वहीत लिहिले, तर चार-पाच ग्रॅमची घटही नजरेतून सुटत नाही. वजनाचा दहावा हिस्सा गेला, तर पशुवैद्याकडे जायला उशीर करू नये. थंडीत काही दिवस खाणे कमी होणे नवे नाही. पण खाणे कमी आणि वजनही कमी, असे दोन्ही दिसले तर ती विश्रांती नव्हे.

उपचाराची पहिली पायरी औषधाची नसते, उबेची असते. गेकोला स्वतःच्या शरीराची ऊब राखता येत नाही. ती बाहेरून मिळाली नाही तर अन्न पोटातच कुजते आणि रोगप्रतिकारही मंदावतो. या उबेचे मोल वाळवंटी इग्वानांवरच्या प्रयोगांनी दाखवून दिले. जिवाणूंचा संसर्ग झालेले इग्वाना मोकळे सोडले की स्वतःहून अधिक उष्ण जागी जाऊन बसत, म्हणजे स्वतःला ताप आणत. पुढे १९७५ साली मिशिगन विद्यापीठाच्या मॅथ्यू क्लुगर आणि सहकाऱ्यांनी असे आजारी इग्वाना वेगवेगळ्या तापमानांत ठेवले, तेव्हा उष्ण कोठड्यांतले अधिक संख्येने जगले. गेकोला इग्वानाइतकी उष्णता सोसत नाही. त्याच्या पेटीत उबदार टोकाची जमीन ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि दुसरे टोक २५ अंशांच्या आसपास असावे, म्हणजे आजारी प्राण्याला आपली जागा आपणच निवडता येते. तापणारी चटई थर्मोस्टॅटविना वापरली तर पोट भाजते, आणि ती जखम पुष्कळदा दिसते तेव्हा खोल गेलेली असते.

कात नीट न सुटणे हे सर्वांत नेहमीचे दुखणे. एरवी गेको कात ओढून काढतो आणि खाऊन टाकतो. ओलावा कमी पडला की बोटांभोवती तिची वळी उरते, सुकून आवळते, रक्त तोडते आणि बोट गळून पडते. यावर उपाय सोपा आहे: कोमट, उथळ पाण्यात पंधरा मिनिटे, मग ओल्या कापसाच्या बोळ्याने हळुवार सोडवणे, आणि पेटीत ओल्या शेवाळाचा एक आडोसा. जोर करू नये. पापणीखाली अडकलेली कात मात्र घरी खरवडू नये. या पालीला, बहुतेक पालींना नसलेल्या, हलणाऱ्या पापण्या आहेत. त्यांखाली साचलेला मळ आणि 'अ' जीवनसत्त्वाची उणीव यांतून डोळा जाऊ शकतो.

हाडांचा आजार कॅल्शियम आणि 'ड' जीवनसत्त्वाअभावी होतो. पाय वाकतात, जबडा मऊ पडतो, चालताना पोट जमिनीला टेकते, थरकाप सुटतो. किड्यांवर कॅल्शियमची पूड भुरभुरणे आणि सौम्य अतिनील दिवा यांनी तो टाळता येतो. एकदा वाकलेले हाड मात्र क्वचितच सरळ होते. सुटी वाळू गिळून आतडे तुंबणे हाही टाळता येण्याजोगा त्रास आहे. आजारी किंवा पिल्लू गेकोला तर कागदी टॉवेलच योग्य, कारण त्यावर विष्ठाही स्पष्ट दिसते, आणि ताजी विष्ठा हा पशुवैद्यासाठी सर्वांत मोलाचा पुरावा असतो.

हा पुरावा क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीच्या बाबतीत विशेष लागतो. त्याने आतड्याचे अस्तर बिघडते. खाऊनही गेको वाळत जातो, शेपटीची नुसती काडी उरते. परजीवी रोज विष्ठेत उतरत नाही, म्हणून एकदा तपासणी निर्दोष आली तरी पुन्हा करावी लागते. खात्रीचा इलाज आज नाही. पॅरोमोमायसिनसारख्या औषधाने लक्षणे दबतात, मूळ सहसा जात नाही. त्याच्या बीजकोशांवर घरातले ब्लीच फारसे चालत नाही. म्हणून नवा गेको किमान तीन महिने वेगळ्या खोलीत, वेगळ्या चिमट्याने, वेगळ्या भांड्यांनी सांभाळावा आणि त्याची कामे नेहमी सर्वांत शेवटी करावीत. बाधित प्राणी कधीही इतरांत मिसळू नये, आणि यातना वाढत चालल्या, वजन टिकतच नाही असे झाले, तर वेदनारहित मरण देण्याचा निर्णय पशुवैद्यासह वेळीच घ्यावा.