कॉलेजातली दुपारची डुलकी

‘डॉक्टरसाहेब, हे पोरगं तिथं शिकाले जाते का झोपाले?’ मंगरुळपीरकडच्या एका वडिलांनी मला विचारलं. मुलगा अकोल्याला कृषी विद्यापीठात शिकतो. तो मान खाली घालून बसला होता. मी त्याला एवढंच विचारलं, ‘झोपतोस कुठे?’ म्हणाला, ‘पार्किंगमधल्या टिनाखाली, गाडीच्या सीटवर.’

प्रश्न मी गमतीनं विचारला नव्हता. आमच्या मेडिकल कॉलेजातही डुलकीच्या जागा ठरलेल्या असत. ग्रंथालयातल्या शेवटच्या टेबलावर, पंख्याखाली, जागा मिळायला परीक्षेच्या निकालापेक्षा जास्त नशीब लागे.

आधी एक गैरसमज दूर करतो. दुपारची झोप फक्त जेवणामुळे येत नाही. शरीराच्या घड्याळात साधारण 1 ते 3 च्या दरम्यान तरतरी आपोआप उतरते. उपाशी माणसालाही पेंग येते. दिवसा झोपू नये असं सांगणाऱ्या चरकसंहितेनंसुद्धा उन्हाळ्यात बहुतेकांना आणि अध्ययनानं थकलेल्यांना एरवीही सूट दिली आहे. नासाच्या एका प्रयोगात लांबच्या उड्डाणात वैमानिकांना 40 मिनिटांची विश्रांती दिली होती. ते सरासरी 26 मिनिटं झोपले आणि नंतर जास्त सावध राहिले. त्यामुळे 20-25 मिनिटांचा गजर लावा. तासभर झोपलात तर गाढ झोपेतून उठावं लागतं आणि डोकं जड होतं.

आता जागा. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. तेव्हा टिनाचं शेड आणि काचा लावून उन्हात उभी केलेली कार या दोन्ही जागा नकोत. कडुनिंबाखाली झोपायचं तर झाडाच्या पूर्वेला झोपा, कारण दुपारनंतर सावली तिकडे सरकते. पश्चिमेला झोपलेला उन्हातच जागा होतो. वर्गात झोप आलीच तर हात खुर्चीच्या पाठीवरून लोंबकळत ठेवू नका. दंडातली नस दाबली जाऊन मनगट उचलता येईनासं होतं. ते बहुधा काही आठवड्यांत बरं होतं, पण तोवर लिहिणं अवघड. जेवून लगेच आडवं व्हायचं असेल तर डाव्या कुशीवर, म्हणजे आपली जुनी वामकुक्षी. त्यानं आम्ल घशाशी कमी येतं.

मुलींना या जागाही मिळत नाहीत. झाडाखाली निवांत पडलेली मुलगी मी अजून एकाही कॉलेजात पाहिलेली नाही. त्यांच्या कॉमन रूममध्ये एक सतरंजी आणि चालू पंखा असायला हवा, एवढी मागणी प्राचार्यांकडे करायला काय हरकत आहे?

पण रोजच जागा शोधावी लागत असेल, तर रात्रीकडे पाहा. या वयात किमान 7 तास झोप हवी. पहाटेच्या एसटीनं अपडाऊन करायचं आणि रात्री 1 वाजेपर्यंत मोबाईल पाहायचा, हा हिशोब जुळत नाही. रात्री पुरेसं झोपूनही पेंग येत असेल तर हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासा. मुलींमध्ये रक्त कमी असणं फार सर्रास दिसतं. जोरात घोरणं आणि मध्येच श्वास अडकणं हेही डॉक्टरांना सांगा. सर्दीच्या काही गोळ्यांनीही गुंगी येते.

मला खरी काळजी वाटते ती संध्याकाळी मोटारसायकलवर गावी परतणाऱ्यांची. झोप अपुरी असेल तर डोळे उघडे असतानाही मेंदू काही सेकंद झोपतो. ताशी 60 च्या वेगानं तीन सेकंदांत गाडी 50 मीटर पुढे गेलेली असते. मागचा फाटा कधी गेला हे आठवत नसेल, तर तिथेच थांबा. टपरीवर आधी चहा प्या आणि मग तिथल्याच बाकावर 20 मिनिटं डोळे मिटा. चहाचा असर व्हायला साधारण तेवढाच वेळ लागतो.