बाईंना काय द्यायचं?

आमच्या घरी लोखंडी कपाटाचा सगळ्यात खालचा कप्पा ‘शाळेचा’ म्हणून ओळखला जातो. आई जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत ३१ वर्षं शिकवत होती. त्या वर्षांत तिला मिळालेल्या भेटी त्या कप्प्यात आहेत. भिंतीवरची नऊ घड्याळं, त्यातलं एक चालतं. शाई वाळलेले पेनांचे सेट. ‘बेस्ट टीचर’ लिहिलेले कप. काचेची स्मृतिचिन्हं, ज्यांवर आईच्या नावात एकदा वेलांटी चुकलीय आणि एकदा आडनावच. आणि शाली. मी एकदा मोजल्या, २६ भरल्या. सत्काराच्या शालीनं थंडी जात नाही आणि ती अंगावर घेऊन बाजारातही जाता येत नाही. आई म्हणते, सत्कारातली खऱ्या कामाची वस्तू एकच, नारळ. त्याची निदान चटणी होते.

ही टिंगल नाही. यातली एकही वस्तू कुणी वाईट मनानं दिलेली नाही. पण त्या कप्प्याकडे पाहून मला एक गोष्ट कळत गेली. आपण भेट ‘गुरूंना’ देतो. टाचा दुखणाऱ्या, घसा बसलेल्या, संध्याकाळी घरी येऊन भाकऱ्या टाकणाऱ्या बाईला देत नाही. आणि गुरू म्हटलं की डोक्यात येतात पेन, घड्याळ, शाल आणि मूर्ती.

यंदा एप्रिलमध्ये हा प्रश्न माझ्याच गळ्यात पडला. आमच्या चौथीच्या वर्गाचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, १७ जणांचा. तिथं मेसेज आला : बाई रिटायर होतायत, ३१ मेला. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. मग कुणीतरी लिहिलं, ‘तुझी आई शिक्षिका होती ना, तूच ठरव काय द्यायचं ते.’

३१ मे या तारखेची एक गंमत आहे. पूर्वी खेड्यात मुलाला शाळेत घालताना जन्मतारीख माहीत नसली, की गुरुजी १ जून लिहून टाकायचे. त्यामुळे महाराष्ट्रात एका पिढीतले असंख्य शिक्षक कागदोपत्री १ जूनला जन्मले. निवृत्तीचं वय ५८, आणि जन्म महिन्याच्या पहिल्या तारखेचा असेल तर निवृत्ती आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. म्हणजे हे सगळे ३१ मेला निवृत्त होतात. त्या दिवशी शाळेला सुट्टी असते. आयुष्य ज्या मुलांमध्ये गेलं, त्यातलं एकही समोर नसताना बाई कपाटाच्या किल्ल्या सोपवून घरी जातात.

ग्रुपवर पहिली सूचना सोन्याच्या अंगठीची आली. दुसरी स्मार्ट वॉचची. तिसरी पैठणीची, म्हणजे पैठणीसारख्या दिसणाऱ्या साडीची. मी आईला फोन केला.

“अंगठी नको,” ती म्हणाली. “सरकारी नोकराला भेटी घेण्याचे नियम असतात. त्यातून ती अवघडेल ते वेगळंच. बोटातली अंगठी बघून लोक विचारणार, कुणी दिली, कितीची.”

“मग काय देऊ?”

“वस्तू नंतर शोध. आधी तीन गोष्टी विचार. ती रोज वापरेल का? ठेवायला वेगळी जागा लागेल का? आणि तुमच्यातल्या कुणाला ती देताना लाज वाटेल का?”

पहिले दोन प्रश्न मला लगेच कळले. तिसरा कळायला मला बाईंचा शिक्षकदिन आठवावा लागला. ५ सप्टेंबर हा डॉ. राधाकृष्णन यांचा जन्मदिवस १९६२पासून शिक्षकदिन म्हणून साजरा होतो, हे पाठ करून आम्ही भाषणं ठोकायचो. पण बाईंचा त्या दिवशीचा नियम होता : घरून पैसे आणायचे नाहीत, दुकानातलं काही आणायचं नाही. फूल आणायचं तर झाडाखाली पडलेलं. त्यामुळे सरपंचाच्या मुलीच्या हातात जे असायचं, तेच ज्याच्या पायात चप्पल नाही त्याच्याही हातात असायचं. तिसरीत तो नियम मला निव्वळ शिस्तीचा वाटायचा.

आता ग्रुपवर काय चाललं होतं? ‘प्रत्येकी ५०० रुपये, यूपीआय करा’ असं ठरलं होतं आणि यादी लागली होती. नाव, त्यापुढे रक्कम, त्यापुढे हिरवी खूण. दोघांनी हौसेनं २००० टाकले होते. रोज संध्याकाळी यादी पुन्हा यायची, आणि शेवटच्या चार नावांपुढची जागा रोज रिकामी दिसायची. तिसऱ्या दिवशी त्या चारांतला एक जण ग्रुप सोडून गेला.

तो कोण होता हे सांगायला हवं. आमचं गाव बीड जिल्ह्यातलं. दसरा-दिवाळी झाली की अर्धं गाव ऊसतोडीला जातं आणि पाडव्याच्या आसपास परततं. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि हंगामभर ऊस तोडून ती फेडायची. मुलं सोबत गेली की त्यांची शाळा तिथंच संपते. याचे आई-बाप तोडीला जायचे. बाईंनी त्याच्या आजीला गाठून त्याला गावातच ठेवायला लावलं. दुसरी, तिसरी, चौथी असे तीन हंगाम तो शाळेत टिकला. पुढे पाचवीला तालुक्याच्या गावी जायचं होतं, आजी थकली होती. तो फडावर गेला. आज त्याचा स्वतःचा कोयता आहे.

मी त्याला फोन केला. “आगं, पैसे नाहीत असं नाही,” तो म्हणाला. “पण बाईंच्या कामात माझं नाव यादीत सगळ्यात खाली नको.”

मी ग्रुपवर लिहिलं : यादी बंद. ज्याला जे जमेल ते माझ्याकडे पाठवा, कुणी किती दिले ते ग्रुपवर येणार नाही. ज्याला जमणार नाही त्यानं काम करायचं. दोघांनी ‘हिशोब पारदर्शक हवा’ म्हणून कुरकुर केली. एकूण जमा आणि एकूण खर्च सांगेन, एवढंच मी कबूल केलं. चार दिवसांत ७,९०० रुपये जमले. ग्रुप सोडून गेलेला परत आला.

मग वस्तू. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक. म्हणजे दोघांनी मिळून चार-पाच वर्ग सांभाळायचे. एका वर्गाला गणितं घालून दुसऱ्याला वाचून दाखवायचं, तोवर व्हरांड्यात पोषण आहाराची खिचडी तयार. अशा शाळेत बाई बसलेल्या मला आठवतच नाहीत. त्यांच्या टेबलामागच्या खुर्चीवर हजेरीपट आणि वह्यांचे गठ्ठे बसलेले असायचे.

आई म्हणाली, “खुर्ची द्या. घरी ती दिवाणाच्या कडेवर बसून पेपर तपासते. गुडघे गेलेत. उठताना भिंत धरते.”

सुदैवानं आमच्यातला एक जण पुण्याला भोसरीत फर्निचरचं काम करतो. शाळेत पाढ्यांना रडायचा. त्यानं मला खुर्चीवर अर्धा तास ऐकवलं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला मऊ, खोल सोफा हा शत्रू. बैठक गुडघ्याच्या उंचीपेक्षा किंचित वर हवी, म्हणजे उठताना जोर कमी लागतो. हात पुढपर्यंत आलेले आणि भक्कम हवेत, कारण उठताना माणूस त्यांवरच भार टाकतो. चाकं अजिबात नकोत. “माप आण,” तो म्हणाला.

माप आईनं आणलं. ती आणि बाई एकाच केंद्रातल्या, शिक्षण परिषदा आणि निवडणुकीच्या ड्युट्या एकत्र केलेल्या. चहाला गेली, शेजारी बसली आणि गप्पा मारता मारता जमिनीपासून गुडघ्यापर्यंत हात लावून मोकळी झाली : दोन विती आणि चार बोटं. आईची वीत साडेसात इंचांची. हिशोब पावणेअठरा इंचांच्या आसपास आला. त्यानं बैठक १९ इंचांवर धरली. सागवानी चौकट, पाठीला वेताची वीण, बसायला घट्ट गादी. मजुरी घेतली नाही, फक्त सामानाचे ६,८०० लावले. उरलेल्यात टेम्पोचं भाडं आणि मान वळवता येणारा वाचायचा दिवा बसला.

खुर्चीसोबत प्रत्येकानं एक पान लिहायचं ठरलं. त्यासाठी मी एकच अट घातली : ‘आपण आम्हाला घडवलंत’ असलं वाक्य चालणार नाही. बाईंनी शिकवलेली अशी एक गोष्ट लिहा, जी गेल्या महिन्याभरात तुमच्या कामी आली. हे अवघड निघालं. इंजिनियर झालेल्यांना जास्त अवघड गेलं. कोयतेवाल्याचं पान सगळ्यात आधी आलं, वहीच्या कागदाचा फोटो. त्यानं लिहिलं होतं : ‘मुकादमाच्या वहीत उचल किती मांडली ते मी वाचतो. काट्यावरची पावती वाचतो. आमच्या टोळीत सगळे माझ्याकडून वाचून घेतात. हातच्याची बेरीज चुकत नाही.’

तुमचे शिक्षक अजून नोकरीत असतील, तर खुर्ची कदाचित उपयोगाची नाही. आईला विचारलं तर तिला आठवतात त्या भेटी वेगळ्याच आहेत. एका पालकानं शाळेच्या खिडकीचं तुटलेलं गज वेल्डिंग करून दिलं. एका माजी विद्यार्थ्यानं, ज्याचं आता मेडिकल आहे, प्रथमोपचाराचा भरलेला डबा आणून दिला आणि दरवर्षी येऊन तो पुन्हा भरला. एकीनं स्कूटीवरून जाताना वापरता येईल असा चांगला रेनकोट दिला. मुलांसाठीच्या झेरॉक्स, मलमपट्ट्या, रंगीत कागद यांचा खर्च अनेक शिक्षक स्वतःच्या खिशातून करतात. त्यामुळे काय द्यावं सुचत नसेल तर सरळ विचारा, ‘बाई, वर्गाला काय हवंय?’ आधी त्या ‘काही नको’ म्हणतील. दुसऱ्यांदा विचारा.

३१ मेला आम्ही सहा जण खुर्ची घेऊन बाईंच्या घरी गेलो. भाषणं झाली नाहीत. बाई बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या. भिंत धरावी लागली नाही. मग चष्मा लावून त्यांनी पानं एकेक करून वाचली. मुकादमाच्या वहीचं पान त्यांनी दोनदा वाचलं. मला वाटलं डोळ्यांत पाणी येईल. आलं नाही.

“याला मुलं किती?” त्यांनी विचारलं.

“एक मुलगी. जूनमध्ये पहिलीला जाईल.”

“दसऱ्यानंतर तिला ठेवणार कुठं?”

ते आमच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं. बाईंनी उशीजवळचा फोन उचलला आणि म्हणाल्या, “नंबर सांग त्याचा.”