भोवतीच्या वाट्या

ब्रह्मदेश म्हटलं की मराठी मनात दोन चित्रं उभी राहतात: लोकमान्यांचा मंडालेचा तुरुंग आणि रत्नागिरीतला थिबा राजवाडा. आपला माणूस तिकडे बंदिवासात राहिला, तिकडचा राजा इकडे राहून १९१६ साली इथेच वारला. दोन्ही आठवणी कैदेच्या. म्हणून की काय, त्या देशाशी आपली जिभेची ओळख कधी झालीच नाही, आणि याची मला मनापासून खंत वाटते. कारण कोकणातल्या माणसाला पहिल्या घासात आपलंसं वाटावं असं एक जेवण तिथे घरोघरी होतं. ओन्नो खाव सुए. नारळाच्या दुधातली कोंबडी, त्यात डाळीचं पीठ आणि खाली गव्हाच्या नूडल्स.

आपल्याकडे ते आलं ते परतणाऱ्या माणसांबरोबर. १९३१च्या शिरगणतीत रंगूनची निम्म्याहून अधिक वस्ती भारतीय होती. १९४१च्या डिसेंबरात तिथे जपानी बॉम्ब पडले आणि पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक परत फिरले. कित्येक जण डोंगर-जंगलं तुडवत आसाम-मणिपूरच्या वाटेने चालत आले, कित्येक त्या वाटेवरच संपले. १९६२च्या लष्करी सत्तांतरानंतर दुकानं, धंदे सरकारजमा झाले तेव्हा उरलेल्यांनीही गाशा गुंडाळला. सुरतेच्या गल्ल्यांत आज जो ‘खावसा’ मिळतो, तो या परतलेल्यांच्या चुलीवरचा.

डब्यातलं नारळाचं दूध चालतं. पण सवड असेल तर नारळ खवावा. पहिलं दाट दूध बाजूला ठेवावं, चोथ्यात कोमट पाणी घालून दुसरं पातळ काढावं. कांदा, आलं, लसूण, सुकी लाल मिरची वाटून हळदीबरोबर तेलात परतायचं, अगदी तेल सुटेपर्यंत. इथे घाई नको. कांदा कच्चा राहिला तर नारळाचा गोडवा त्याला झाकत नाही, उलट उघडा पाडतो. मग कोंबडीचे तुकडे, त्यावर पातळ दूध, आणि मंद आच. डाळीचं पीठ कोरडंच खमंग भाजून, गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचं आणि ढवळत ढवळत सोडायचं. रश्शाला अंग येतं ते त्यानेच, आणि दूध फुटण्याची भीतीही कमी होते. दाट दूध सगळ्यांत शेवटी. त्यानंतर खळखळून उकळी येऊ द्यायची नाही, कडेला बुडबुडे दिसले की गॅस बंद. त्या क्षणी स्वयंपाकघरात जो वास भरतो, त्यासाठी मी सकाळभर नारळ खवायला तयार असते.

नूडल्स पुरत्या शिजण्याआधीच काढाव्यात, गार पाण्याने धुवून तेलाचा हात लावावा. पुढचं काम वरचा गरम रस्सा करतो. मूठभर नूडल्स मात्र कुरकुरीत तळून ठेवायच्या.

आणि इथून पुढे खरी गंमत. रांधणाऱ्याने जेवण पूर्ण करायचंच नाही. मधे पातेलं आणि भोवती वाट्या: उकडलेली अंडी, पातळ चिरलेला कच्चा कांदा, तळलेला लसूण, कोथिंबीर, तेलात परतलेली मिरचीची भरड, तळलेल्या नूडल्स, फिश सॉस, लिंबाच्या फोडी. आपल्या पानातली डावी बाजू तोंडीलावण्याची. इथे डावी बाजूच अर्धं जेवण असते. आजी मिरचीला हात लावत नाही, नातू लसणाची वाटी आपल्याकडे ओढतो, कोणी दोनदा लिंबू पिळतं. एकाच पातेल्यातून निघालेले चार वाडगे चार चवींचे होतात आणि कोणी कोणाला ‘मीठ कमी आहे का’ असं विचारत नाही. घरात रांधणाऱ्या बाईच्या खांद्यावरून चवीचा सगळा भार उतरवणारं दुसरं जेवण माझ्या तरी पाहण्यात नाही. मला ते प्रिय आहे ते यासाठी.

शाकाहारी घरात कोंबडीच्या जागी अळिंबी, गाजर, फरसबी घालावी आणि फिश सॉसऐवजी नुसतं मीठ. चव वेगळी होते, पण उणी होत नाही. हॉटेलात मात्र हा पदार्थ बहुधा फसतो. तिथे सगळ्या वाट्या आधीच वाडग्यात रिकाम्या करून आणतात, तळलेल्या नूडल्स टेबलापर्यंत येईतो मऊ पडतात, आणि मलईसारखा गोडमिट्ट रस्सा तिसऱ्या घासाला नकोसा होतो. हे घरीच करायचं जेवण आहे, आणि तेही चार माणसं एकत्र बसणार असतील तेव्हा.

येत्या रविवारी करून बघा. वाट्या भरताना हात आखडता घेऊ नका, आणि लिंबं लागतील असं वाटतं त्याच्या दुप्पट आणा.