भारतातून मूल दत्तक घेताना: परदेशस्थ आईबाबांसाठी

परदेशात राहणारं मराठी जोडपं भारतातून मूल दत्तक घ्यायचं ठरवतं, तेव्हा बऱ्याच प्रतीक्षेनंतर त्यांच्या हाती मुलाचा फोटो, सामाजिक अहवाल आणि वैद्यकीय तपासणी अहवाल येतो. होकार कळवायला मोजकेच तास असतात. मग तो वैद्यकीय अहवाल रात्री माझ्या व्हॉट्सॲपवर येतो आणि खाली प्रश्न असतो, "डॉक्टर, बाळ नॉर्मल आहे ना?"

याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही, म्हणून हा लेख.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. सगळी प्रक्रिया 'कारा' या केंद्रीय संस्थेमार्फतच होते. अनिवासी भारतीयांना भारतातल्या पालकांच्या बरोबरीनेच प्राधान्य मिळतं आणि दत्तकाचा आदेश २०२२पासून जिल्हा दंडाधिकारी देतात. "आमच्या ओळखीच्या हॉस्पिटलमध्ये एक बाळ आहे, परस्पर घेऊन टाकू का?" असंही कोणी कोणी विचारतं. नाही. तो गुन्हा आहे, शिवाय अशा बाळाला व्हिसाही मिळणार नाही.

आता अहवालाकडे वळू. तो आपल्या पसंतीच्या डॉक्टरांना दाखवायची मुभा नियमांतच आहे, ती जरूर वापरा. शक्यतो बालरोगतज्ज्ञांना दाखवा; माझ्यासारखा फिजिशियन फार तर प्राथमिक मत देईल. बहुतेक आईबाबा आधी वजन बघतात. मी आधी डोक्याचा घेर बघतो, तोही एका दिवसाचा नाही, तर दर महिन्याचा. संस्थेत वाढणारी मुलं वजनाला आणि उंचीला मागे असतातच. तीन महिने संस्थेत काढले की उंचीची साधारण एका महिन्याची वाढ मागे पडते, असा ढोबळ ठोकताळा आहे. घरी आल्यावर यातलं पुष्कळसं भरून निघतं. डोक्याचा घेर मात्र वाढायचाच थांबला असेल, तर मेंदूच्या वाढीबद्दल प्रश्न विचारायला हवेत. महिन्यागणिक मोजमापं अहवालात नसतील, तर संस्थेकडे मागा. सोबत बाळाचा दोन मिनिटांचा व्हिडिओही मागा: हाक मारल्यावर वळून बघतं का, खुळखुळा एका हातातून दुसऱ्या हातात घेतं का.

एका जोडप्याला आलेल्या अहवालात सात महिन्यांच्या मुलीची एचआयव्ही अँटीबॉडी चाचणी पॉझिटिव्ह होती. दोघंही हादरले होते, नकार लिहूनही ठेवला होता. या वयात ही चाचणी पॉझिटिव्ह आली, तर त्यातून आईला संसर्ग होता एवढंच नक्की कळतं. आईच्या अँटीबॉडी बाळाच्या रक्तात दीड वर्षापर्यंत सापडू शकतात. बाळाला स्वतःला संसर्ग आहे का, हे पीसीआर चाचणी सांगते. ती मागवायला सांगितली. निगेटिव्ह आली. ती आली नसती किंवा पॉझिटिव्ह आली असती, तर? तर नकार देण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता, आणि मी त्यांना दोष दिला नसता. आपल्याला काय झेपेल याचा विचार मूल घरी येण्याआधी करावा, नंतर नव्हे.

वयाचंही असंच. सोडून दिलेल्या बाळाची जन्मतारीख बहुधा अंदाजाने लिहिलेली असते. मनगटाचा एक्स-रे काढून वय ठरवायचा आग्रह धरू नका. कुपोषित मुलाची हाडं वय कमी दाखवतात.

मूल तुमच्याकडे पोचलं की पहिल्या दोन आठवड्यांत पूर्ण तपासणी करून घ्या: हिमोग्लोबिन, थायरॉइड, रक्तातलं शिसं, कावीळ बी आणि सी, एचआयव्ही, सिफिलिस, क्षयरोग, शौचातले जंत. एचआयव्ही, दोन्ही काविळी आणि क्षयरोगाच्या चाचण्या सहा महिन्यांनी पुन्हा करतात, कारण संसर्ग नुकताच झालेला असेल तर पहिल्या खेपेस तो दिसत नाही. घरच्यांनी, आणि बाळंतपणाला आल्यासारखे उत्साहाने येणार असलेल्या आजी-आजोबांनीही, मूल येण्याच्या किमान दोन आठवडे आधी कावीळ ए च्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारावं. लहान मुलांमध्ये हा आजार अनेकदा लक्षणांशिवाय असतो, मोठ्यांना मात्र चांगलाच आडवा करतो.

आणि बाळाच्या कमरेवर, पाठीवर जन्मजात निळसर डाग असतील, तर पहिल्याच भेटीत तिकडच्या डॉक्टरांना त्यांची नोंद करायला लावा. आपल्याकडे ते अगदी सर्रास दिसतात. पाळणाघरातल्या बाईंना ते माराचे वळ वाटले, तर विनाकारण चौकशी मागे लागेल.

मूल थोडं मोठं असेल तर सुरुवातीला पोळीचे तुकडे उशीखाली सापडतील. ओरडू नका, त्याच्या हाताला लागेल असा खाऊचा एक डबा ठेवा. महाराष्ट्रातल्या संस्थेतून येणाऱ्या तीन-चार वर्षांच्या मुलाला बहुधा मराठीच येत असतं. "शाळेत अडेल" म्हणून पहिल्या दिवसापासून इंग्रजी सुरू करू नका, घरात मराठीच बोला. इंग्रजी ते शाळेत शिकेल. संस्थेतून निघताना तिथल्या मावशींना विचारून घ्या, त्याला काय म्हणून हाक मारतात, झोपताना दिवा लागतो का, भात कालवून लागतो की कोरडा. आणि त्याचं रोजचं पांघरूण मिळालं तर न धुता तसंच सोबत न्या.