पद्मिनीचं स्टेअरिंग

सास्तूरला आमच्या दारात अण्णांची प्रीमियर पद्मिनी आहे. फियाट ११००च्या घडणीची ही गाडी मुंबईत कुर्ल्याला बनायची. तिचं उत्पादन बंद होऊन वीसहून जास्त वर्षं झाली.

मागचे पाटे बसले, तेव्हा काळजी वाटली नाही. उमरग्याला ट्रकचे पाटे मारणारे आहेत, त्यांनी नवी पट्टी घालून कमान आणून दिली. खरी अडचण स्टेअरिंगची. ते चार बोटं मोकळंच फिरायचं. टाय रॉडच्या टोकाचा गोळा झिजलेला. मिस्त्री म्हणाला, "सर, वेल्डिंग मारून देतो, काय होत नाही." मी नको म्हणालो. गोळा निसटला तर चाक आपलं ऐकत नाही, अन् गाडीत लेकरं असतात.

सोलापुरात भाग मिळाला नाही. मुंबईत पद्मिनी टॅक्सी होत्या तोवर मागणी होती. शेवटची ऑक्टोबर २०२३मध्ये थांबली. अखेर कुर्ल्याहून जोडी आली. एकाचे आटे सरळ, दुसऱ्याचे उलटे. म्हणून मधला दांडा फिरवला की लांबी कमी-जास्त होते आणि चाकं सरळ लावता येतात. बसवण्याआधी ते वर्गात नेले. पोरांनी नट फिरवून उलटा कोणता ते लगेच ओळखलं.

अण्णा मात्र अजून विचारतात, "वेल्डिंगवाला किती घेत होता रे?"