स्थिर चित्रांची चाल

गतवर्षींच्या स्नेहसंमेलनांत आपल्या शाळेच्या जुन्या दिवसांवर वीस मिनिटांचा माहितीपट दाखवावा असें ठरलें, आणि तें काम मजकडे व दहावीच्या सहा विद्यार्थ्यांकडे आलें. हातीं तीन हजार रुपये होते व कपाटांत एक्केचाळीस छायाचित्रें. हलतें चित्र एकही नव्हतें. “सर, लोक वीस मिनिटें नुसते फोटो पाहत बसतील का?” असें एका विद्यार्थिनीनें विचारलें. प्रश्न रास्त होता.

हाच प्रश्न मोठमोठ्या कलावंतांनाही पडलेला आहे. अमेरिकेंतील यादवी युद्ध 1861 ते 1865 या काळांत झालें. तेव्हां चलच्चित्राचा शोध लागलेला नव्हता. तरीही केन बर्न्स यांनीं 1990 सालीं त्या युद्धावर नऊ भागांची मालिका केली, ती बव्हंशीं जुन्या छायाचित्रांच्या आधारें. त्याहीपूर्वीं, 1957 सालीं, कॉलिन लो व वुल्फ केनिग यांनीं कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डांत ‘सिटी ऑफ गोल्ड’ हा लघुपट केला. सोन्याच्या आशेनें 1898 च्या सुमारास डॉसन सिटी या गांवीं लोटलेल्या माणसांचीं छायाचित्रें कांचेच्या पट्ट्यांवर उरलीं होतीं. त्यांवरून कॅमेरा इतक्या सावकाश व हिशेबानें फिरविला आहे कीं, आपणच त्या गर्दींतून चाललों आहों असें वाटतें. चित्र जागचें हलत नाहीं. पाहणाराची दृष्टि हलते.

आम्हींही हीच रीत धरिली. आठ इंच रुंद व सहा इंच उंच छायाचित्र स्कॅनरवर इंचास 600 ठिपके या मानानें उतरविलें म्हणजे 4800 ठिपके रुंद व 3600 ठिपके उंच चित्र मिळतें. आमच्या पडद्यावरची चौकट 1920 रुंद व 1080 उंच. म्हणजे चित्राच्या रुंदीच्या दोन-पंचमांश भागाइतकें जवळ गेलें तरी तें धूसर होत नाहीं. सेकंदास 25 चित्रें या हिशेबानें दहा सेकंदांस 250 लागतात. पण पहिली व शेवटची चौकट आपण ठरविली कीं मधल्या सर्व संगणक भरून काढतो. त्यासाठीं लागणारी प्रणाली फुकट मिळते. चाल मात्र हळू सुरू होऊन हळूच थांबली पाहिजे, नाहीं तर डोळ्यांस धक्का बसतो. आणि प्रत्येक चालीस कांहीं कारण असलें पाहिजे.

हें कारण आम्हांस 1956 सालच्या एका छायाचित्रानें शिकविलें. खुर्च्यांवर शिक्षकवर्ग, मध्यें मुख्याध्यापक, खालीं सर्वांचीं नांवें. उजव्या टोकास, हातांत घंटेचा लांकडी हातोडा घेऊन, अनवाणी उभा असलेला शिपाई. त्याचें मात्र नांव नाहीं. मुलांनीं ठरविलें कीं डावीकडून निघून एकेका चेहऱ्यावरून जावें व शेवटीं या माणसापाशीं आठ सेकंद थांबावें.

नाताळच्या सुटींत एका विद्यार्थ्यानें मोबाईलवर त्याच शिपायाचा चेहरा हंसता करून आणिला. डोळे मिटत होते, ओंठ हालत होते. सारे थक्क झाले. पैसाही लागला नव्हता. परंतु “त्या दिवशीं तो हंसला होता काय?” असें मीं विचारलें तेव्हां सर्व गप्प बसले. दृष्टि कोठें न्यावी हें ठरविण्याचा अधिकार आपणांस आहे. जो हंसला नाहीं त्याच्या मुखावर आपलें हंसूं ठेवण्याचा नाहीं. तें चित्र ज्यानें केलें होतें त्यानेंच तें काढून टाकिलें.

खेळाच्या दिवशीं पडद्यावर ते आठ सेकंद आले तेव्हां एका विद्यार्थ्याची आजी मोठ्यानें त्या माणसाचें नांव उच्चारती झाली. ती या शाळेची जुनी विद्यार्थिनी. तें नांव आतां चित्राच्या पाठीमागें लिहिलें आहे.

मुलांनो, तुमच्या घरींही अशीं चित्रें असतील. तीं हलवावयाचीं तेव्हां हलवा. आधीं आजी-आजोबांजवळ बसून प्रत्येकाचें नांव विचारा, आणि मऊ पेन्सिलीनें पाठीमागें लिहून ठेवा. पालकांनीं एवढ्यापुरता वेळ काढावा, ही विनंति.